देव्हाऱ्याखालचा डबा

१२ मे २०२०
गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले. चार घरं सोडून रुग्ण सापडला. रुद्राणीचा मेंदूविकारांचा दवाखाना इथून चालत दहा मिनिटं — आता तोही परमुलूख! यांच्या हाताची थरथर वाढली आहे. कप धरवत नाही. पाय फरशीला चिकटतात. कंपवात. आठ महिने हा शब्द घरात आहे. मी उच्चारत नाही.

१३ मे
न्हाव्याचं दुकान बंद. यांची दाढी मी केली. सदतीस वर्षांत पहिल्यांदा! गाल ताणून धरावा लागतो. "साकु, साकु," म्हणाले — पुरे, पुरे. घाबरले की कानडी.

१५ मे
रुद्राणीने मोबाइलवर तपासलं. फोन मी धरला. "बाई, मला पंखा दिसतोय!" माझीच विद्यार्थिनी, आता मला सूचना देते. बोटं आपटा. दारापर्यंत चाला. वळा. वळताना हे तोल जाऊन पडत होते. मी फोन टाकून धावले.

मग म्हणाली, "घरात असतील तेवढ्या गोळ्या दाखवा. फाइलमधल्याच नाही — सगळ्या."

हे कपाट धुंडाळू लागले. मी देव्हाऱ्याखालचा डबा काढला. त्यात चक्करची गोळी. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली. जेवणानंतर रोज एक. ती आम्ही औषधात धरतच नव्हतो. दवाखान्यात कधी नेलीच नाही.

तिने पाकिटावरचं नाव दोनदा वाचायला लावलं. मग, "ही फार दिवस घेतली तर असंच होतं, बाई. कंपवात नसेलही. ही आजपासून बंद. बाकीच्या तशाच. महिने लागतील. किती दिवसांसाठी दिली होती?"

पंधरा. मला आठवलं. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मीच घेत व्हतो. हिला ठाऊक न्हाय."

खोटं! आणत मी होते. देत मी होते. मी ते दुरुस्त केलं नाही.

१६ मे
जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या. घरीसुद्धा मान वर केली नाही. त्या डॉक्टरांची ती एक चिठ्ठी पुन्हा वाचली नाही.

२ जून
फरक नाही.

२१ जून
ग्रहण. गल्ली घरात. हे स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आले. पेला अर्धाच सांडला. अर्धाच!

१४ जुलै
पुन्हा मोबाइलवर. हे चालले, वळले — न अडखळता! तीनदा वळायला लावलं.

"लई फिरवलंस की पोरी. आता खरंच चक्कर येईल."

ती हसली. "काका, हा कंपवात नव्हता. गोळीचंच होतं ते."

जीव भांड्यात पडला. हे बाहेर गेल्यावर मी सांगितलं — गोळी मीच देत होते.

"ठाऊक आहे, बाई. त्या दिवशी काका डबा शोधत होते. तुमचा हात सरळ तिथं गेला."

१० ऑगस्ट
दाढीचं सामान मांडलं. म्हटलं, आता तुम्हीच करा की. मग विचारलंच, चक्कर कधी थांबली?

"पंधरा दिवसांतच गेलती."

"मग दोन वर्षं घेतली कशाला?"

"गोळी देताना तेवढी तू जवळ बसायचीस."

यांचा हात स्थिर होता. तरी रेझर माझ्याकडे दिला.