पट्ट्यावर कुणाचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार

भाताचा घास तोंडात अन् नाकात चामडं चिकटवायच्या सोल्युशनचा वास! ताट सरकवून दिलं. समोर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नाकाला पदर लावून बसलेल्या. तोंडानं काही म्हणल्या न्हाईत, डोळ्यांनीच म्हणल्या — बघितलंस? बघितलं हो! घड्याळाचे चामडी पट्टे मी करते, वास माझ्या केसांत बसतो, नखांत बसतो. तुम्ही नुसतं नाक दाबता.

मलाही शिसारी येते, हे मात्र कुणाला सांगत न्हाई. चामड्याचं नवं भेंडोळं उलगडलं की भिजलेल्या पोत्यासारखा भपकारा येतो. वाटलं होतं सवय होईल. न्हाई झाली. तरी रोज मशीनवर बसते. कड तासून पातळ केली, वरची अन् आतली पट्टी चिकटवली, मशीनखाली घातली अन् टाका कडेकडेनं सरळ पळत गेला — की मंग मी कुणाची न्हाई. दुसरं कोणतंच काम मला इतकं बराबर येत न्हाई. पोळ्याही न्हाई.

५ नोव्हेंबर

मशीन घरात न्हाई. घरात येऊच दिलं न्हाई! फाट्यावरच्या आमच्या खताच्या खोलीत ठेवलंय. साध्या शिलाई मशीनचं काम न्हाई हे, मोटरवालं जड धूड आहे, संभाजीनगरहून टेम्पोत आणलं. दोन माणसांनी उतरवलं तेव्हा आत्याबाई दारातच उभ्या. "कशाचं चामडं शिवणार?" म्हणलं म्हशीचं. "बैलाचं न्हाई ना?" न्हाई. "तरी आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावू नको."

नियम म्हणजे नियम. खोलीतून आले की अंगावर पाणी, मंग स्वयंपाक. थंडीचं सुद्धा. अन् मामंजी गेले तरी त्यांच्या कोल्हापुरी वहाणा देव्हाऱ्याखालच्या फडताळात जपून ठेवल्यात. दर अमावास्येला पुसतात! त्या काय वांग्याच्या सालीच्या आहेत? वीट आलाय मला.

९ नोव्हेंबर, रविवार

पुण्याच्या मिथुनचा फोन. घड्याळं विकतो, ऑनलाइन. नमुन्याचे पट्टे पोचले म्हणे. "मॅडम, माल एक नंबर! टाका बघून आमचा डिझायनर गप्पच झाला." मोठी ऑर्डर देणार. अन् — डब्याच्या झाकणावर पट्टा करणाऱ्याचा फोटो अन् नाव छापणार!

आजवर माझे पट्टे जालन्याच्या दुकानांतून गेले. दुकानदार आपला शिक्का मारतो, झालं. एकदा परतूरला लग्नात एका नवरदेवाच्या मनगटावर मी माझा टाका ओळखला. सांगायला तोंड उघडलं अन् मिटलं. काय सांगणार, कुठं लिहिलंय?

आता लिहिलेलं असणार. निवेदिता. मोठ्या अक्षरात. मला हे पाहिजे. दुसरं काही नको, हे पाहिजे.

१० नोव्हेंबर

घरी सांगितलं. चूक केली.

आत्याबाई: "आपलं आडनाव चामड्यावर? या घराण्याचं? सोयरे थुंकतील तोंडावर!" मंग रडणं. मंग मामंजींचा फोटो उतरवून मांडीवर घेणं. हे — माझे यजमान, गजाननराव — परतूरला नोकरीला आहेत, तिथं म्हणे सायबापुढं फाडफाड बोलतात. आईपुढं शेंगा फोडत बसले. टरफलं माझ्याच परातीत टाकली. शेवटी काय म्हणले? "बघू."

बघू! या एका शब्दाची किळस येते मला.

१२ नोव्हेंबर

यांनी बघितलं. उपाय सापडला म्हणे! मिथुनशी परस्पर फोनवर बोललेसुद्धा. मिथुनला 'पिढीजात कारागीर' पाहिजे, आईला आपलं नाव नको. मंग आष्टीचे भिवाकाका आहेत की! हे कॉलेजला ज्या एसटीनं जायचे, तिचे ड्रायव्हर. चांभार समाजाचे. "त्यांच्या हाताला हे उपजतच असतं," हे म्हणतात. "तुला कडा तासायला मदत होईल, अन् फोटोही होईल. एका दगडात दोन पक्षी."

म्हणलं, ते ड्रायव्हर होते ना? "होते गं, पण रक्तात असतंच की."

उठून खोलीवर निघून गेले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भिवाकाका आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. यांनी 'चहाला या, जुनी ओळख' एवढंच सांगून बोलावलेलं. खोलीत आणलं, खुर्ची दिली, अन् चहा यायच्या आत त्यांच्या हातात तासायची सुरी अन् चामड्याची पट्टी ठेवली. मला जमिनीत जावं वाटलं.

काकांनी पट्टी उलटीपालटी केली. सुरी बघितली. "याचं काय करू?"

हे म्हणले, "काका, तुम्हाला काय सांगायचं! कड जरा पातळ करून दाखवा हिला."

"गजाननराव, मी जन्मात चामड्याला हात न्हाई लावला. मी गाडी चालवली. आष्टी-परतूर-जालना."

हे हसले. काका गंमत करून राह्यलेत असं वाटलं यांना! "लाजता काय काका, आपलंच घर आहे." मंग काकांनी सुरी मशीनवर ठेवून दिली, अलगद. मीच पट्टी ओढून घेतली अन् तासायला लागले. डोकं वर करायची सोय न्हाई. भिवाकाका बघत होते. म्हणले, "ताई, हात चांगला आहे तुमचा."

चहा पिताना मी लेकीचं विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून. तर माणूस खुलला! दैवशाला, धाकटी, नर्सिंग करून जालन्याला दवाखान्यात लागली. पहिल्या दिवशी पांढऱ्या कपड्यात व्हिडिओ कॉल केला, म्हणली, बाबा, ओळखलं का? सांगताना सगळा चेहरा हसून राह्यला. तेवढ्यात हे — "काका, इकडं उजेड बरा आहे, मशीनपाशी बसा, फोटो काढतो, लेकीला धाडा." काका बसले. लेकीचंच सांगत बसले. हे काढत राह्यले.

१६ नोव्हेंबर

फोटो लेकीला न्हाई गेले. मिथुनला गेले!

मिथुनचा मेसेज यांनी मला दाखवला, वर कौतुकानं. 'सर, हाच चेहरा! कमाल!' खाली झाकणाचं चित्र. माझ्या मशीनपाशी भिवाकाका, हसरे. वर छापलंय — सात पिढ्यांची चामड्याची वहिवाट. भिवा, आष्टी, जि. जालना.

भांडले. भांडी आदळली. यांचं तेच — "आईचं मन राहिलं, ऑर्डर राहिली, त्यांचं नाव मोठं झालं. कुणाचं काय बिघडलं?" आत्याबाई आतून म्हणल्या, "त्यांचं कामच हाय ते, त्यांना काय त्याचं." पट्टे माझे, बोटांना टोचलेल्या सुया माझ्या. हे बसले आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला! अन् त्या माणसाला पत्ताच न्हाई.

ओकारी आली, खरोखर. मागच्या दारी जाऊन ओकले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आष्टीला गेले. एकटी, बसनं. घरी सांगितलं, बक्कल आणायला जाते.

काका अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होते. त्यांच्या घरच्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. मी मोबाइल पुढं केला. काकांनी चष्मा शोधला, वाचलं. परत वाचलं.

म्हणले, "सात पिढ्या कुणी मोजल्या?"

मी मोबाइल परत घेतला.

"ताई, माझ्या बापानं जोडे शिवायची आरी-रापी गोधडीत बांधून विहिरीत टाकली. भरल्या विहिरीत. म्हणला, पोरांच्या हाताला हा वास नको. मला शाळेत मास्तर मागं बसवायचा — वास येतो म्हणून. तेव्हा मी चामड्याला शिवलेलोसुद्धा न्हाई! मंग मी वर्दी घातली. लेकीनं पांढरे कपडे घातले. अन् तुम्ही मला परत तिथंच नेऊन बसवून राह्यलात, डब्याच्या झाकणावर."

आवाज चढवला न्हाई. चढवला असता तर बरं झालं असतं.

"हे छापू नका," म्हणले. "काम वाईट न्हाई. तुम्ही करता, तुमचं लिहा. माझा चेहरा नको."

म्हणलं, न्हाई छापणार काका. शब्द दिला. चहा चांगला होता. येताना त्यांनी शेंगा बांधून दिल्या.

२० नोव्हेंबर

यांना सांगितलं. "कशाला गेलीस तिथं?" एवढंच! जणू मीच घाण केली. ताकाला जायचं अन् भांडं लपवायचं, यात या घराचा हात कुणी धरायचा न्हाई. शेंगा उकडल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. आत्याबाईंनीसुद्धा. शेंगा कुठल्या, ते मी सांगितलं न्हाई.

२१ नोव्हेंबर

मिथुनला मीच फोन लावला. काकांचा फोटो चालणार न्हाई, बिलकुल न्हाई. माझा घ्या. माझं नाव घ्या, आडनावासकट, घरच्यांचं मी बघते.

"मॅडम, तुमच्याकडं पिढीजात आहे का हे?"

न्हाई. शेतकऱ्याघरची सून.

"शिकलात कुठं?"

यूट्यूबवर. अन् चुकून चुकून.

हसला मेला! "मॅडम, यूट्यूबचा वारसा कोण विकत घेणार? गिऱ्हाइकाला माती पाहिजे, सुरकुत्या पाहिजेत. तुम्ही बँकेतल्या बाईसारख्या दिसता." फोटो न बघता बोलून राह्यला! म्हणलं, माल तर मीच करते. "मालाचं कुणाला काय मॅडम, माल तर मशीनसुद्धा करते."

फोन ठेवून कितीतरी वेळ नुसती दोऱ्याची रिळं लावत बसले. काळा, तपकिरी, काळा, तपकिरी.

२४ नोव्हेंबर

आत्याबाई बोलत न्हाईत. आडनावाचं यांनी सांगितलं त्यांना. मोबाइल खिडकीत टेकवून मी मशीनपाशी बसून स्वतःचा फोटो काढला. हसून, न हसता, पदर घेऊन, न घेता. सगळ्यात बँकेतली बाई! पुसून टाकले.

२८ नोव्हेंबर

मिथुनचा फोन न्हाई. पट्टे करून ठेवलेत, खोलीभर. तेलाचा अन् चामड्याचा वास. दारातून आत जावं वाटत न्हाई.

जालन्याच्या दुकानदाराला विचारलं, म्हणला घेतो सगळे. शिक्का त्याचा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मिथुनचा फोन आला, गोडगोड. तोड काढलीय म्हणे. झाकणावरून 'भिवा' काढू, 'आष्टी'ही काढू. नुसता एक म्हातारा कारागीर, मराठवाड्यातला. नावच न्हाई तर हरकत कुणाची? अन् पट्ट्याच्या आतल्या बाजूला, मनगटाला टेकतो तिथं, गरम ठशानं बारीक उमटवू — निवेदिता. प्रत्येक पट्ट्यावर. "तुमचा माल, तुमची सही मॅडम. मॅडमला न्हाई म्हणून आम्ही कुठं जाणार!"

हे शेजारीच होते. "बघ, आडनाव न्हाई, आईलाही चालेल. अन् नाव काढल्यावर ते भिवाकाका कुठं राहिले? कुणीही म्हातारा होऊ शकतो तो."

म्हणलं, किळस येते तुमची. दोघांची. थू! मी आत निघून गेले.

३ डिसेंबर

मिथुननं ठशाचं चित्र धाडलंय. कुरिअरनं ठसाही पाठवला, नमुना बघा म्हणून. पितळेचा, करंगळीच्या पेराएवढा. तापवून उरलेल्या तुकड्यावर टेकवला. जळल्याचा वास आला. हा वास मात्र वाईट न्हाई.

अक्षर सुबक आहे. 'वे'ची मात्रासुद्धा स्वच्छ उठली.

५ डिसेंबर

ठसे उमटवून पट्ट्यांचं पार्सल मिथुनला गेलं. मिथुननं झाकणासाठी दोन फोटो धाडले होते. एकात भिवाकाका गंभीर, एकात लेकीचं सांगताना हसणारे. हसरा मीच निवडला.