तेवीस गाठींची तार

मी देवराम हणमंत शेलार, वय अठ्ठावन्न, निवृत्त सुभेदार, मूळचा कराडकडचा, हल्ली मुक्काम दुर्गापुरा, जयपूर, धंदा रेडिओ व ध्वनिमुद्रण यंत्रांची दुरुस्ती, लिहून ठेवतो की माझी छाती बिघडली आहे, डोके नाही. डॉक्टर होळीच्या पुढचे बोलत नाहीत. कोणी दटावले किंवा फूस लावली म्हणून हे लिहीत नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. त्यापेक्षा वेळेवर तोंड उघडले असते तर बरे झाले असते. ते कलम सहात येईल.

एक. दुर्गापुऱ्याची दोन खोल्यांची जागा मुलगा संभाजी यास. त्याची आई कै. अनुसया हिने लावलेला कडुलिंब तोडू नये. तोडला तर जागा त्याची, पण माझा आशीर्वाद नाही.

दोन. भाऊ ज्ञानोबा याने एकोणपन्नास साली माझी छत्री नेली व 'उद्या आणतो' म्हणाला. ती छत्री मी त्याला या कागदाने देतो. आता त्याने गावभर 'दादा चिकट' म्हणणे थांबवावे.

तीन. सी-स्कीममधल्या दुकानातली सर्व हत्यारे चौमूं गावचा मिस्त्री रामधन यास. संभाजीला देण्यात अर्थ नाही, त्याला पेचकस आणि उलथने सारखेच. रामधनला एक अट. मोडलेले यंत्र आले की 'चालते का बघू' म्हणून चालू करायचे नाही. आधी उघडायचे, पुसायचे, गुंता सोडवायचा. मूळ बिघाडाने जात नाही इतके त्या एका उतावळ्या फेरीने जाते.

चार. शेजारचे घड्याळजी भंवरलाल सोनी यांना माझा बारीक चिमटा द्यायचा होता. परंतु ते साक्षीदार आहेत, आणि वकील सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्राने दिलेले रद्द होते. भंवरलालजी म्हणाले, "सुभेदारसाब, चिमटी तो दिवाली से मेरे पास ही है." तेव्हा हे कलम मिटले.

पाच. माझे लढाईतले पदक कोणास देऊ नये, सरणावरही ठेवू नये. भंगारात घालावे. कारण पुढे.

सहा. पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात केसाएवढ्या बारीक पोलादी तारेचे एक रीळ आहे. जुन्या ध्वनिमुद्रण यंत्रात अशा तारेवर आवाज उतरे. ही तार माझी नाही. मी ती चोरली आहे.

चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशात नदीकाठी मी मांडीत गोळी घेऊन पडलो होतो. लेफ्टनंट जयंतराव इंगवले यांनी मला पाठीवर घेऊन बाहेर काढले. नंतर ते मेजर झाले, आता कर्नल आहेत. मी जो श्वास घेतो तो त्यांचा, असे मी अनुसयेला सांगत असे. ती म्हणायची, "मग माझा कुणाचा?"

सत्तावन्न सालच्या संक्रांतीला त्यांच्या इथल्या बंगल्यावर पत्नी सुमनताईंचे हळदीकुंकू होते. बायकांचे उखाणे टिपायला दिवाणखान्यात यंत्र लावले होते. त्या संध्याकाळी सुमनताई गच्चीवरून पडून वारल्या. एकट्याच पतंग बघायला गेल्या, साहेब मेसमध्ये होते, असा पंचनामा झाला. यंत्रही त्याच दिवशी टेबलावरून पडले. साहेब म्हणाले, "तार तुटली, टाकून द्या." परंतु सुमनताईंच्या आई रत्नप्रभाबाई यांनी तो गुंता कुंकवाच्या पेटीत उचलून माझ्याकडे आणला. म्हणाल्या, "देवरामभाऊ, माझ्या लेकीचा उखाणा तेवढा काढून द्या."

ती तार म्हणजे विंचरायच्या राहिलेल्या केसांचा पुंजका होता. पांढऱ्या टॉवेलवर पसरून, विणायच्या सुईने मी एकोणीस दिवस गुंता सोडवला. तार तुटे तिथे दोन टोकांची चपटी गाठ मारायची आणि उरलेली शेंडी छाटायची. अशा तेवीस गाठी पडल्या. मग एकदाच लावली.

"सुगडात ऊस, बोरं आणि तिळाची वडी, जयंतरावांचं नाव घेते संक्रांतीच्या घडी." हसणे झाले, बांगड्या वाजल्या, बायका गेल्या. यंत्र बंद करायचे राहिले होते.

त्यानंतर साहेबांचा आवाज आला. तो ऐकताच मी सवयीने स्टुलावरून उठून सावधान उभा राहिलो. पुढचे सारे तसेच उभे राहून ऐकले.

"सगळ्या गेल्या ना? चल, वर पतंग बघू."

"मला उंचावर चक्कर येते. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"मी आहे ना."

जिन्यावर दोघांची पावले वाजली. बराच वेळ शेजारच्या गच्च्यांवरून पतंग काटल्याचे 'वो काटा, वो काटा' चालले होते. मग बूट एकटेच खाली आले, यंत्राजवळ थांबले आणि तार तुटली.

मी उखाण्यानंतरची, तेवीसही गाठी असलेली तार कापून डब्यात ठेवली. रत्नप्रभाबाईंनी उखाणा तीनदा ऐकला. विचारले, "एवढंच?" मी म्हणालो, "एवढंच, बाई. पुढची तार गेली." खाल्ल्या मिठाला जागलो असे मनाला सांगितले. एकसष्ट साली त्या वारल्या, तोवर दर संक्रांतीला त्या मला तिळगूळ पाठवत होत्या. तो मी गिळला. मला लाज वाटते; पदक भंगारात ते म्हणूनच.

गेल्या वर्षी साहेबांची बदली पुन्हा जयपूरला झाली. त्यांनी साठ साली दुसरे लग्न केले आहे. बाई चारुलता, वय सव्वीस. मंगळवारी त्या रेडिओ घेऊन दुकानात आल्या. मी सहज विचारले, संक्रांतीला काय बेत? म्हणाल्या, "हे म्हणतात, हळदीकुंकू लवकर उरक. मग वर जाऊन पतंग बघू. मला तर उंचावर भीती वाटते, काका. पण हे म्हणतात, मी आहे ना."

त्याच रात्री मी या कलमात लिहिले की माझ्या मरणानंतर डबा चारुलताबाईंना द्यावा. चार दिवस तो कागद उशाखाली ठेवून निजलो. मी होळीपर्यंत टिकणार आणि संक्रांत परवा आहे, एवढा साधा हिशेब मला चार दिवस कळला नाही. रामधनला सांगतो उतावळेपणा करू नको, पण मी सात वर्षे ती तार कोणापुढे लावलीच नाही. तोही बिघाडच.

म्हणून कलम सहा रद्द. आज दुपारी त्यांना रेडिओ तयार असल्याचा निरोप धाडून दुकानात बोलावले आणि तार लावली. तेविसातली एकही गाठ सुटली नाही. ऐकून त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "काका, हे तुमच्याकडे किती वर्षं होतं?"

"सात."

"माझ्या लग्नाला चार झाली."

मी रीळ काढून डब्यात घातले. डबा मी त्यांच्या हातात दिला आहे. जिवंतपणी दिलेले ते मृत्युपत्रातले देणे नव्हे. आता या कागदाने त्यांना काही मिळायचे नाही, तेव्हा त्या साक्षीदार होऊ शकतात. त्यांनीच कागद पुढे ओढला.

सात. हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. आजच डब्यासोबत पोलीस ठाण्यात न्यायचा आहे, आणि मी स्वतः बरोबर जाणार आहे. दुकानासमोर साहेबांच्या बंगल्याची जीप येऊन उभी आहे. हॉर्न दोनदा वाजला. चारुलताबाई उठल्या नाहीत. भंवरलालजींनी दाराला आतून कडी घातली आहे. मी सही करतो.

ठिकाण: सी-स्कीम, जयपूर. रविवार, दिनांक १२ जानेवारी १९६४.

देवराम हणमंत शेलार

आमच्यादेखत सही केली:

१. भंवरलाल सोनी, घड्याळजी

२. चारुलता जयंत इंगवले. उजवा हात शुक्रवारपासून प्लास्टरमध्ये असल्याने सही डाव्या हाताने केली आहे.