कोळसे खोवलेली दोरी

३ मार्च
आज बेटावर, सासरी आले. लेक अजून आठवड्याचीही नाही. दोग्यू म्हणाला, बाळंतपण माझी आई करेल, तू नुसती लोळ. लोळतेय! खोलीची जमीन खालून जाळ घालून तव्यासारखी तापवलीय आणि तिन्ही त्रिकाळ मियोकच्या शेवाळाचं सूप. दारावर आईंनी स्वतः वळलेली गवताची दोरी बांधलीय, मुलगी म्हणून कोळसे आणि पाइनच्या डहाळ्या खोवून. तीन आठवडे परक्याने आत यायचं नाही. मी म्हटलं, बरं झालं, पाहुण्यांसमोर गोड हसायला नको. आईही हसल्या.

९ मार्च
दूध अजून नाही. डोकं ठणकतंय. तहान तर भागतच नाही, आणि गार पाणी मागितलं की आई म्हणतात, हाडांत वारा शिरेल. काल फुलदाणीतलं पाणी प्यायले. लाज वाटली. हल्ली आई भिंतीतून निघाल्यासारख्या एकदम समोर येतात.

१३ मार्च
दोग्यूने आईंशी भांडून मला शहरात नेलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांच्या दोन्ही कडांना बोटं हलवली. मला एकही दिसलं नाही. मग रक्त, एमआरआय. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी म्हणून वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती सुजून डोळ्यांच्या नसा दाबतेय, म्हणून कडेचं दिसत नाही. दूध तिच्यामुळेच येत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. बजावलं, मनाने बंद केल्यात तर जिवावर बेतेल.

१६ मार्च
डोकं दुखायचं थांबलं! आई दारातूनच येताना दिसतात. दोग्यू मात्र आज आठवडाभरासाठी बोटीवर कामाला गेला.

१७ मार्च
गोळ्या जागेवर नाहीत. दारावर नवी दोरी. बाहेर जाऊन आलीस, आता दिवस पुन्हा पहिल्यापासून, म्हणाल्या. फोनही नेला, बाळंतिणीचे डोळे जातात म्हणून. गोळ्यांचं विचारलं तर माझे केस विंचरत म्हणाल्या, "त्यांनीच दूध आटलंय गं. आधी दूध, मग औषध." ग्रंथीचं परोपरीने सांगितलं. त्यांनी आणखी एक वाडगा सूप आणलं.

१९ मार्च
ओकाऱ्या. उठवत नाही. आई पुन्हा भिंतीतून निघाल्यासारख्या — शेजारच्या ओक्बुन काकूंना हाक मारली. आल्या. दोरी पाहिली, वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

२० मार्च
दार उघडं राहिलंय. सरपटत ओसरीवर — गोळ्या दिसल्या. पुड्या दोरीलाच बांधल्यात, कोळशांच्या मधे. घराबाहेर राहाव्यात म्हणून —

बाळ रडतंय. थांब गं सोन्या. थोडा दम घेते, मग हात पुरेल. आई कुठे? समोर नाहीत. समोर कुणीच नाही —

डाव्या गालाला वाफ लागतेय. शेवाळाचा वा—