नारळाची हनुवटी

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
१२ जानेवारी २०२५

चि. हरिता हीस, गोपालकृष्णकाकाचे अ. उ. आ.

इन्सब्रुकला शिकायला म्हणून गेलीस आणि आता स्कीइंगच्या शर्यतीत उतरतेस! तोंडासकट झाकणारं हेल्मेट घ्यावं की नुसतं डोक्याचं, ते ठरत नाही म्हणतेस. मला विचारलं नाहीस, तरी जन्मभर फिजिक्स शिकवलेल्या माणसाने गप्प कसं बसायचं?

रविवारी घरी सभा भरवली. फ्रिजमधला सोडून बर्फ कुणीच पाहिलेला नाही, पण मतं सगळ्यांची होती. तुझ्या काकूचं म्हणणं, तोंड झाकलं तर मुलाकडच्यांना फोटो कसला पाठवायचा? एकोजीमामांना जड हेल्मेटखाली तुझ्या मानेची काळजी. शेवटी मी प्रयोगच केला. माझं स्कूटरचं अर्धं हेल्मेट आणि शेजारच्या अमरसिंहाचं फुल-फेस, दोन्हींत एकेक नारळ बांधून गच्चीवरून सोडला. दोन्ही नारळ शाबूत! म्हणजे फुल-फेसचं जास्तीचं वजन फुकट. तू अर्धंच घे. अमरसिंह मात्र ओरखडा दाखवत रुसून बसलाय.

रामनवमीचं कीर्तन यंदाही माझंच. तालमीला स्कूटरवरून पापनाशमला जातो, तोंडावर छान वारा लागतो.

लोभ आहेच, अक्कल कमी पडली तर तीही इथून पाठवीन.

तुझा काका


इन्सब्रुक
२ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस हरिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही कुणाला बोलू देत नाही, म्हणून पत्रच लिहिते. मराठी चुकलं तर रागावू नका.

अय्यो काका, नारळाला हनुवटी असते का? दात असतात का? झाडांमधून उतारावर सुसाट जाताना पडलं की तोंडच आधी आपटतं. सोबतची एक मुलगी परवा पडली. डोकं ठणठणीत, जबडा मोडला. तेव्हापासून मला खरंच भीती वाटते. पण फुल-फेसमध्ये कडेचं कमी दिसतं, मागून कोच ओरडला तर नीट ऐकू येत नाही, आणि ते चढवलं की मीच जास्त माजेन, ही धास्ती वेगळी. शर्यत मार्चमध्ये आहे आणि अजून ठरत नाही.

एक मात्र ऐका. असं आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. अमरसिंहकाकांना नवं घेऊन द्या, तुम्हीही घ्या. काकूला सांगा, मोडक्या जबड्याचा फोटो चालत असेल तर अर्धं घेते.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची हरिता


तंजावूर
२० फेब्रुवारी २०२५

चि. हरिता हीस अ. उ. आ.

हे पत्र लिहितोय कारण बोलता येत नाही. घाबरू नकोस, सगळे सुखरूप आहेत, मी सोडून.

पापनाशमहून येताना कालव्याच्या वळणावर वाळू सांडली होती. घसरायला बर्फच लागतो असं नाही. तेच जुनं हेल्मेट होतं, ते उभं तडकलं. डोकं वाचलं ते नशिबानं. हनुवटी मात्र रस्त्यावर घासत गेली. जबडा मोडला, पुढचे दात कालव्यात गेले. डॉक्टरांनी तारा बांधून तोंड बंद केलंय. काकू नळीने रसम पाजते आणि अखंड बोलते. मध्ये तोंड घालणारं कुणी नसल्यामुळे तिची तब्येत फार सुधारली आहे.

कीर्तन माझ्या मागे साथीला उभा राहणाऱ्या शिवकुमारला दिलं. काल तो अंगणात तालीम करत होता आणि मी आत तोंड बांधून बसलो होतो. फार वाईट वाटलं गं.

तू फुल-फेसच घे. कडेचं दिसलं नाही तर मान वळव, कोचचं ऐकू आलं नाही तर हळू जा. माज चढला की सोबतचा माझा फोटो बघ. हा मुलाकडच्यांना पाठवू नये, असं काकूने बजावलंय. आणि तसलंच एक माझ्या मापाचं पाहून ठेव.

लोभ तिकडेच राहू दे, तू तेवढी तोंडासकट परत ये.

तुझा काका

ता. क. पडलो तेव्हा पिशवीत पापनाशमचे दोन नारळ होते. दोन्ही शाबूत.