पाठीतली सुई

१२ ऑगस्ट १९७८
आज सुमीच्या पाठीतल्या सुईचा वार. पोरीला वाकवून, मान गुडघ्यांत दाबून धरायचं काम बापाचं. दवाखान्याच्या फाटकाशीच रडायला लागली, "बाबा, आज नको ना." माझ्यानेही आता होत नाही. रक्ताचा रिपोर्ट तर स्वच्छ आलाय. डॉ. म्हणतात, कॅन्सर मेंदूकडे लपून बसू नये म्हणून सुया पुऱ्या करा. लपलाय की नाही, त्यांना तरी कुठे ठाऊक? परतलो. सक्करदऱ्याच्या तलावावर शेंगा खाल्ल्या. पोर कितीतरी दिवसांनी हसली. घरी हिला सांगितलं, डॉ.नीच सुया बंद केल्या.

२ सप्टें.
हिने देवाजवळ साखर ठेवली. डॉ.ना देवमाणूस म्हणाली. खाली मान घालून जेवलो. गोळ्या जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणतो, एक चुकू देत नाही. तेवढा काही मी वाया गेलेलो नाही.

१९ नोव्हें.
मागावर नवा ताणा. जुन्या धाग्याच्या टोकाला नवा धागा बांधायचं काम सुमीचं, घरात तिच्याइतके तेज डोळे कुणाचे नाहीत. आज भलत्याच धाग्यांना गाठी मारून ठेवल्या. खेकसलो. हातावर चापट मारली.
"बाबा, एकाचे दोन दिसून राहिले मले."
म्हटलं, नखरे पुरे.

२० नोव्हें.
उठल्या उठल्या उलटी. डोकं धरून बसली. डावा डोळा आत वळलाय. कालची ती चापट...

२२ नोव्हें.
पाठीतलं पाणी काढून तपासलं. त्यात कॅन्सर आहे. रक्त अजून स्वच्छच म्हणे! त्याच रिपोर्टावर मी उड्या मारल्या होत्या. आता पुन्हा सुया, कॅन्सर जाळायला डोक्याला विजेचा शेक, केसही जातील. डॉ.ना विचारलं, तेव्हा सुया चुकल्या नसत्या तर? "सांगता येत नाही." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२५ नोव्हें.
सुमीच्या खाटेजवळ ही फणफणत होती. "त्या डॉक्टरनं सुया काहून बंद केल्या? इचारतेच त्याले!"
सुमीने तिचा पदर धरला. "त्याइले नको बोलू आई. मीच नको म्हटलं होतं. बाबाले मीच वापस नेलं."
ही माझ्याकडे पाहतच राहिली. 'तिचा काय दोष, मीच परत नेलं' एवढं म्हणायचं होतं. तेही म्हटलं नाही. लाज वाटते स्वतःची.

२८ नोव्हें.
तीन दिवस ही बोलत नाही. डबा तेवढा पाठवते.
आज सुई. सुमी आपणहून कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले. म्हटलं, "पोरी, तुझी चूक नव्हती वं." ऐकलं की नाही कोण जाणे. डोळे मिटूनच म्हणाली, "बाबा, या वेळी मी रडली तरी सोडू नका."
रडली. धरून ठेवलं.