चर्चला घालून जायचा होल्स्टर

५ ऑगस्ट, मंगळवार

हे रिव्हॉल्व्हर मी नक्की कशासाठी घेतलं?

दुकानदाराने विचारलं तेव्हा म्हणाले, स्वतःच्या रक्षणासाठी. तो म्हणाला, बरोबर आहे, दिवस वाईट आहेत. इथे तेच उत्तर लिहून पाहिलं आणि खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. मला सांगता येत नाही.

आमच्या घरात बंदुकीचा तिटकारा असलेली मी एकटीच. शेवटच्या वर्षी कॉलेजात हत्यारांविरुद्ध निबंध लिहिला, प्राध्यापिकेने तो वर्गात वाचून दाखवला. मे महिन्यात पदवी मिळाली. घरातली पहिली! डॅडींनी माझी चौकोनी टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून फोटो काढून घेतला. आणि जूनमध्ये रॉयसने माझ्या बहिणीचं, कॅडीचं डोकं स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटलं. तिचा डावा डोळा गेला. नवरा आहे तिचा!

कॅडीने डॉक्टरांना सांगितलं, पाय घसरला. मग खटला कसला उभा राहणार? मी तिच्या मागे लागून एवढंच मिळवलं — कोर्टाचा मनाई हुकूम. रॉयसने तिच्या जवळ यायचं नाही, आणि हुकूम आहे तोवर हत्यार बाळगायचं नाही. ऑक्टोबरात पुन्हा तारीख आहे. तेव्हा कॅडी 'नको' म्हणाली की हुकूम उठेल, आणि ती त्याच घरात, त्याच ओट्यापाशी परत जाईल.

ती 'नको' म्हणणार. मला दिसतंय ते.

७ ऑगस्ट

व्हर्ना मावशीकडे गेले. आई गेल्यापासून आम्हा दोघींची तीच आई. गावातलं कपडे धुण्याचं दुकान ती एकटी चालवते, एकटीच बंद करते, म्हणून माझ्या जन्माआधीपासून कमरेला बंदूक लावते. रिव्हॉल्व्हर दाखवलं. वाटलं, विचारेल कशाला. तिने विचारलं, "ठेवणार कशात?"

मग कपाटाच्या वरच्या फळीवरून बुटांचं खोकं काढून पलंगावर उपडं केलं. नुसते होल्स्टर, बंदुकीची म्यानं! चामड्याचे, कापडाचे, टणक प्लॅस्टिकचे. सगळे नापास झालेले. इथे घराघरात असं खोकं असतं, डॅडींचंही आहे. टाकणं जिवावर येतं, वापरवत नाहीत.

"नवरा एकदाच निवडला, टोचला तरी चालवून घेतला," मावशी म्हणाली. "होल्स्टरचं तसं नाही. टोचला की आपण बंदूक घरी ठेवायला लागतो. आणि मग नेमकी त्याच दिवशी लागते."

तिचा नियम: आधी आठवडाभर रिकामी बंदूक लावून हिंडायचं. वाकायचं, बसायचं, गाडी चालवायची, भांडी घासायची. ते जमलं की मगच गोळ्या.

एक मऊ चामड्याचा होल्स्टर मला आवडला होता. तिने हातातून काढून घेतला. बंदूक बाहेर काढली की त्याचं तोंड मिटतं. परत घालताना चामड्याची घडी चापात अडकली तर गोळी स्वतःच्याच मांडीत. ब्रेसियरला अडकवायचा एक होता, त्यावर ती फक्त हसली.

१० ऑगस्ट, रविवार

आज उजव्या कमरेवर, मागच्या बाजूला, टणक चामड्याचा. जीन्सवर ठीक होता. पण चर्चला मी जीन्स घालून जात नाही, आणि फ्रॉकला पट्टा कुठून आणू? वरून एक जुना पट्टा बांधला. बाकावर टेकले की मूठ लाकडावर आपटे. टक् — सगळे वळून बघत. भजनाच्या वेळी मुद्दाम जोरात गायले.

प्रवचन संपल्यावर आमचे पाद्री ब्रदर एल्डन यांनी नेहमीसारखं विचारलं, आज कुणाला प्रभूकडे परत यायचंय? तिसऱ्या रांगेतून रॉयस उठला. पुढे जाऊन गुडघे टेकले आणि रडला. खांदे हलत होते. मग आमच्या रीतीप्रमाणे सगळं चर्च रांगेत उभं राहिलं आणि एकेकाने त्याला मिठी मारली. डॅडीसुद्धा! मी जागेवरून हलले नाही.

घरी आल्यावर कॅडीने विचारलं, "खरंच रडला?" एका डोळ्यात केवढी आशा होती. मी म्हणाले, मी बघितलं नाही.

रिव्हॉल्व्हर रिकामं होतं. मावशीचा नियम. त्या नियमाने आज कुणाचं भलं झालं, ते मला ठाऊक आहे.

१३ ऑगस्ट

पोटाचा रुंद पट्टा. कापडी, बाळंतिणीच्या पट्ट्यासारखा, त्यातच खिसा. फ्रॉकखाली दिसत नाही. पण या उकाड्यात! दुपारपर्यंत घामाने पोटभर पुरळ. कामावर दाराशी पोचले की गाडीतल्या कुलपाच्या पेटीत काढून ठेवायचं, निघताना पुन्हा गुंडाळायचं. मारहाणीला कंटाळून आलेल्या बायका मुलांना घेऊन आमच्याकडे राहतात. त्यांच्या निवाऱ्यात बंदूक नाही हा आमचा पहिला नियम. नव्या बायकांना तो नियम मीच सांगते. समजावून. गोड आवाजात.

आज एकीने विचारलं, बाई, तुम्हाला कुणाचा राग येतो की नाही कधी?

१६ ऑगस्ट

सापडला!

टणक प्लॅस्टिकचा, पोटावर पुढे, बेंबीच्या जरा उजवीकडे लावायचा. उभं असताना उत्तम. बसलं की नळी जांघेत रुतते आणि मूठ बाहेर झुकते, कपड्यातून उठून दिसते. मावशीने जुन्या रबरी चपलेचा तळ पाचरीसारखा कापला आणि होल्स्टरच्या अंगाकडच्या बाजूला, खाली नळीपाशी चिकटवला. नळी अंगापासून सुटली, मूठ पोटाशी आली. एवढंसं रबर! तिच्याकडे घेवड्याचं सूप आणि मक्याची भाकर खायला बसले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, काही टोचलं नाही. फ्रॉकचं कोडंही सोडवलं. आतून रुंद पट्टा आणि शिवणीत चीर, हात आत जाण्याइतकी.

घरी आरशासमोर काढून बघते. डाव्या हाताने कापड बाजूला, उजव्याने मूठ. शंभरदा केलं असेल. आरशात मी नसते. तो असतो, ओट्याला टेकलेला. दर वेळी त्याला एक वाक्य बोलू देते — "ब्रेना, ऐक तर." मग ऐकत नाही.

वाचलं परत. पान फाडणार होते. राहू दे.

२३ ऑगस्ट

गोळ्या भरल्या. मावशीने रानात नेऊन डब्यांवर नेम धरायला लावला. परत येताना शेवटचा धडा दिला — मिठीचा. उद्या चर्चमध्ये बायका गळ्यात पडणार, कुणाचाही हात कमरेला लागेल. म्हणून आपण आधी वाकायचं, आपले हात खालून घालायचे. मग समोरच्याचे हात आपोआप वर, खांद्यावर जातात. बंदूक लावणारा माणूस अशीच मिठी मारतो, वर्षानुवर्षं, न ठरवता.

"मग काकासुद्धा?"

"तुझे काका मला मिठी मारायचे तेव्हा मला वाटायचं, किती नम्र माणूस आहे."

२४ ऑगस्ट, रविवार

रॉयसच्या थेट मागच्या बाकावर बसले. त्याची मान बघत. नुकतेच केस कापलेले, खाली न रापलेली पांढरी रेघ. होल्स्टर अजिबात टोचला नाही. तासभर एकच विचार. देवाच्या घरात! लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मग प्रार्थना संपली, माणसं एकमेकांना भेटू लागली, आणि मला दिसलं. रॉयस सहा फूट उंच. म्हाताऱ्या मिसेस नेपियर त्याच्या छातीपर्यंत येतात. तरी तो गुडघ्यात वाकला आणि हात खालून घातले. ब्रदर एल्डनना — खालून. लहान पोरांनासुद्धा. उजवं कोपर अंगाला चिकटलेलं.

त्याच्याकडे बंदूक आहे.

मावशीला सांगितलं. ती म्हणाली, काही माणसं वाकतातच, खात्री कर. मग म्हणाली, पण असेल तर ते सरळ तुरुंग आहे.

तुरुंग! हे मला सुचलंच नव्हतं. वर्षानुवर्षं चार भिंतींत. गोळीपेक्षा कितीतरी लांब. घरी येईपर्यंत गाणं म्हणत होते.

३१ ऑगस्ट, रविवार

केलं. आज मी रॉयसला मिठी मारली.

त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. सगळं चर्च बघायला लागलं. तो वाकायला लागला, पण मी त्याच्याहून बुटकी आणि मी तयारीत होते. माझे हात आधी गेले, खालून, त्याच्या कोटाच्या आत. उजव्या कमरेच्या मागे, टणक. मूठ हाताला नीट लागली. त्याचं अंग ताठ झालं. मग तो कानाशी म्हणाला, "देव तुझं भलं करो, ब्रेना." मिसेस नेपियर रडत होत्या. डॅडींनी हातातल्या टोपीने डोळे पुसले.

मी सरळ ग्रोव्हर काकांकडे गेले. ते शेरीफचे शिपाई, म्हणजे इथले पोलीस, आणि रविवारी आमच्या चर्चच्या पहाऱ्याचे प्रमुख. गोळीबाराच्या बातम्या यायला लागल्यापासून चार-पाच पुरुष कोटाखाली बंदूक लावून दारापाशी बसतात, त्यांचे. हळूच सांगितलं, रॉयसकडे पिस्तूल आहे, आत्ता, कमरेला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मीच त्याला पहाऱ्यावर घेतलंय."

मला वाटलं चुकीचं ऐकलं. म्हणाले, काका, कोर्टाचा हुकूम आहे, कायद्याने त्याला बंदी आहे.

"इथे कायदा मीच आहे ना गं, पोरी? माणूस बदलला. त्याला विश्वास दाखवायला नको? आणि एवढं वाटत असेल तर डॅडींना विचार पिस्तूल कुणाचं ते."

१ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी. डॅडी ओसरीवर वाळवणाच्या शेंगा दोऱ्यात ओवत बसले होते. शेजारी बसून चार शेंगा ओवल्या, मग विचारलं. लपवलं नाही त्यांनी.

"माझंच. खोक्यातला जुना होल्स्टर पण दिला. कॅडी त्याच्या घरी जायची आहे. दरीतलं शेवटचं घर ते. तिथे पुरुष रिकाम्या हाताने राहील?"

"तिचा डोळा गेलाय, डॅडी."

"मला दिसत नाही का? रोज समोर बसून जेवते ती." शेंगेत सुई अडकली, ती त्यांनी ओढून काढली. "त्याने माझ्यासमोर गुडघे टेकले. तू शिकलीस. तुझ्या कॉलेजात माफ करायला शिकवत नाहीत वाटतं."

मी म्हणाले, ते परत घ्या. आज घ्या. ते म्हणाले, दिलेली वस्तू मी परत मागत नाही.

माफी! डोळा कॅडीचा, माफी डॅडींची, पिस्तूल रॉयसला.

४ सप्टेंबर

डॅडींकडे परवा पुन्हा मागितलं. काल मावशीलाही बोलायला लावलं. तेच उत्तर.

५ सप्टेंबर

पेट्रोल पंपावर रॉयस. पाठ माझ्याकडे, टाकी भरत होता, शीळ घालत होता. मी गाडीतून उतरले. माझ्या मनात काही नव्हतं, शपथ. खाली बघितलं तर डावा हात फ्रॉकच्या चिरेवर आणि उजवा मुठीवर. कधी गेला, कळलंच नाही. इतकं आरामात बसलंय ते अंगावर.

गाडीत परत बसले. तो निघून गेल्यावर पेट्रोल न भरताच घरी आले.

६ सप्टेंबर

होल्स्टर मावशीच्या खोक्यात टाकला. रिव्हॉल्व्हर तिच्या तिजोरीत. तिने कॉफी केली.

मग मी विचारलं, इथला कायदा ग्रोव्हर काका असतील, पण त्यांच्या वरचं कुणीतरी असेलच ना? ती म्हणाली, लेक्झिंग्टन शहरात केंद्र सरकारची माणसं बसतात. बंदी असलेल्याकडे पिस्तूल सापडलं तर ती सोडत नाहीत. पाद्री बघत नाहीत, पहारा बघत नाहीत.

"पण ती देणाऱ्यालाही सोडत नाहीत, ब्रेना. माहीत असून दिलं असेल तर नाहीच."

मी म्हणाले, माहीत आहे.

"राग रॉयसचा आहे तुला. डॅडींचा किती आहे, ते आधी बघून घे."

घरी आले तर कॅडी खिडकीशी. मांडीवर कापड, सुई दोनदा बोटात गेलेली. नव्या पडद्यांना झालर लावत होती. आमच्या खिडक्यांच्या मापाचे नव्हते ते.

९ सप्टेंबर, मंगळवार

लेक्झिंग्टनला जाऊन आले. रॉयसचं सगळं सांगून झाल्यावर तिथल्या बाईंनी विचारलं, हे पिस्तूल त्याला कुणी दिलं, तुम्हाला माहीत आहे का? मी डॅडींचं पूर्ण नाव सांगितलं. मधलं नावसुद्धा.