वाटेतल्या प्रत्येक मारोतीपाशी थांबणारी ठिपक्यांची घोडी

ती. नत्थुमामाले,

मोरबीच्या टाइलच्या कारखान्यातून नितेशचा दंडवत. तुमी संत्रा तोडाले वरूडले गेले, तिथल्या हवेत तुमचे गुडघे बरे असतील अन् आचलताईच्या बगीच्यातला संत्रा चांगला उतरला असन, असं मी धरूनच चाललो. (माझ्या कोंबड्या तुमच्या हरभऱ्यात शिरल्या तेव्हापासून तुमी माझा फोन कापता. म्हणून कागद. कागद कापला तरी वाचता येते.)

मामा, मी घोडी घेतली. काळी-पांढरी, ठिपक्यांची. पुरं वाचा, मग बोला. चार वर्सं भट्टीपाशी उभा राहून मले एवढं समजलं, का आपल्याकडे परन्याले, नवरदेवाच्या मिरवणुकीले, घोडी लागतेच. पांढरी सगळ्यायपाशी आहे, ठिपक्यांची कोणापाशीच नाही. शेजारच्या अमोलच्या लग्नाची सुपारी मी घेऊन बसलो, पंधरा दिवसांवर आहे. त्या दिवशी घोडी नीट चालली तर पाच गावं मले बोलावतील अन् मोरबी सुटली. नाही चालली तर म्हातारा होईपर्यंत टाइला उचलतो.

सुट्टीत तीन विकणारे पाह्यले. पहिल्यानं फोनवर ठिपक्यांचा घोडा दाखवला. जाऊन पाहतो तर घोडा पांढराफटक, ठिपके त्याच्या फोनच्या काचेवरचे. दुसऱ्याचा मले पाहून खाली बसला तो उठलाच नाही. तिसरा अकोल्याचा, जठारपेठेमागचा देवमन. त्याची घोडी मी ओल्या फडक्यानं घासली, थुंकी लावून घासली, ठिपके जागीच. देवमन म्हणे, "अबे, नवरी पाहाले आला का भांडे घासाले?" भोवरे पाह्यले, खूर पाह्यले, दात मोजले. फक्त थे आजवर काय काम करत होती, हे विचाराचं राहून गेलं.

टेम्पोत चढेना म्हणून पायी निघालो. पहिल्याच मारोतीपाशी थांबली, मान खाली घातली. मले बरं वाटलं, जनावर धार्मिक आहे. मग वळली अन् मले ओढत सरळ देवमनच्या दारात. पुन्हा नेली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेले देवमन माझा चहा ओतूनच उभा. शेवटी पारावरचा एक म्हातारा बोलला, "बाप्पा, दहा वर्सं परन्याले चालली थे. नवरदेव घेऊन मारोतीपर्यंत जायचं अन् तिथून मांडवाकडे वळायचं, एवढंच तिले येते. तुया बापाच्यानं मारोती ओलांडत नाही."

आता अकोल्यापासून आपल्या नांदगाव खंडेश्वरपर्यंत गावं किती अन् मारोती किती, तुमीच पाहा. पण डोकं चाललं माझं. गाव आलं का तिच्या डोळ्यांवर दुपट्टा, गाव संपलं का दुपट्टा खांद्यावर. (दोन गावांत लोकायनं मले घोडीचोर म्हणून बसवून ठेवलं. एका ठिकाणी जेवण चांगलं होतं.) तीन दिवसांत पोचलो.

तशी घोडी गुणाची. एकच खोड आहे, मारोतीवरून वळली का कधी जठारपेठेचा रस्ता धरन, नेम नाही. अमोल पाठीवर असताना धरला तर नवरदेव अकोल्यात अन् नवरी मांडवात. तिले नवं घर समजलं, का काम फत्ते. चिंता करू नका, मी करून नाही राहिलो. आचलताईले नमस्कार.

तुमचा भाचा,
नितेश

ता. क. घोडी तुमच्याच गोठ्यात आहे, बैलाच्या जागी. (बैल बाभळीखाली. त्याले हवा लागते.) सुट्टी संपली, मी तरी कुठं बांधणार होतो? आशामामी म्हणे, "मामाले विचारलं का?" मी म्हणलं, पत्र लिहितोच आहे.

आणखी एक. रोज संध्याकाळी गोठा ते मारोती अन् मारोती ते गोठा, अशी तालीम चालू आहे. चार दिवसांपासून गोठ्याकडेच वळून राहिली, असं मामी फोनवर सांगते. पण गोठ्यात आल्यापासून बाशिंग बांधलेला माणूस पाठीवर नसला तर थे पाय उचलत नाही, म्हणून तुमचा किशोर बसते.

शेवटचं. किशोरचं लग्न जमलं असं गावानं धरलं आहे. तीन घरी त्याचं केळवण झालं, मामीले दोन लुगडी आली. तुमी संत्रा तोडाले गेले यावर कोणाचा विश्वास नाही, सगळे म्हणतात वरूडले पोरगी ठरवाले गेले. अमोलचं लग्न होईपर्यंत नाही म्हणू नका, नाहीतर तालीम बंद पडन. पोरगी कशी आहे विचारलं, तर गोरी आहे म्हणा. मी तसंच सांगतलं आहे.